वाहनतळाचा ठराव आणि काकांची प्रार्थना

रविवारी चर्चपाशी गाडी लावायला जागा मिळत नाही, हे दुःख गाडीवाल्या नागरिकांना समजावून सांगायला नको. गादीकाकांनी त्यावर तोडगा काढला होता. काकांचं गाद्यांचं दुकान, म्हणून हे नाव; नगरसेवक ते पुढे झाले. चर्चशेजारच्या जुन्या गोदामात नगरपालिकेचा बेघरांसाठी रात्रनिवारा होता. तो पाडून तिथे वाहनतळ करायचा, असा ठराव त्यांनी मांडला. उंच टाचांवर लांबून चालत यावं लागतं म्हणून काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं, हे त्यामागचं धोरणात्मक कारण. मतदान बुधवारी.

त्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, काका नेहमीप्रमाणे सर्वांच्या वतीने प्रार्थना वाचायला उभे राहिले. आवाज असा, की रडणारं मूलही गप्प व्हावं.

"ज्यांना डोक्यावर छप्पर नाही, त्यांच्यासाठी..." ते श्वासभर थांबले.

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" लोकांनी रिवाजाप्रमाणे एका सुरात साथ दिली.

बाहेर पडताना निवारा चालवणाऱ्या सिस्टरनी त्यांना गाठलं.

"छान वाचलंत, काका. छपराचा अर्ज वर गेला. आता शेरा मारायला तो तुमच्याकडेच खाली येणार."

"सिस्टर, धर्मात राजकारण आणू नका हो."

"मी कुठे आणतेय? प्रार्थना तुमची, मतही तुमचंच. मी दोघांची ओळख करून देतेय. या थंडीत माणसं झोपतील कुठे?"

"होईल कुठेतरी सोय."

"कुठेतरी म्हणजे कुठल्या फुटपाथवर, तेवढं सांगा. मी त्यांना कळवते."

काका हसून सटकले. सिस्टर मात्र घरोघर फिरल्या. बुधवारी सभागृहाचा सज्जा चर्चच्या मंडळींनी भरून गेला. नगराध्यक्षांनी शांत बसण्याची तंबी दिली, सगळ्यांनी माना डोलावल्या.

काका भाषणाला उठले. "बेघरांबद्दल आम्हाला अपार कळवळा आहे. ज्यांना डोक्यावर छप्पर नाही, त्यांच्यासाठी..." आणि सवयीने श्वासभर थांबले.

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" अख्खा सज्जा दणाणला.

कोणी काही ठरवलं नव्हतं! सिस्टरनी तर तोंडावर हात धरला. सगळ्यांत खणखणीत आवाज काकूंचा होता!

नगराध्यक्ष घंटा बडवत राहिले. काका खिळल्यासारखे उभे. चर्चमध्ये हे शब्द त्यांच्या डोक्यावरून थेट वर निघून जायचे. इथे वर नुसता पंखा होता, आणि सगळे बघत होते काकांकडे!

"त्यांच्यासाठी काय?" नगराध्यक्ष वैतागले. "वाक्य तरी पुरं करा!"

काकांनी घाम पुसला. "त्यांच्यासाठी... निवारा राहू द्या. मी ठराव मागे घेतो!"

घरी जाताना काकूंनी विचारलं, "आणि गाडी?"

"चालत जाऊ."

"माझ्या टाचा?"

"चपला घाल."

काकूंनी पुढच्या रविवारी खरंच चपला घातल्या, यालाही काही लोक चमत्कार म्हणतात.

नागरिकहो, श्रद्धा चर्चमध्ये विसरून सभागृहात जाण्याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत, विसरभोळेपणा म्हणतात. प्रार्थना जरूर करावी. फक्त जे आपल्याच मतावर अडलंय, त्यासाठी देवाला वाट बघायला लावू नये.