मंडळींनी मारलं

मी शेषेरावांचा पटका बोलतोय. पटका म्हणजे पुरुषाची इज्जत, असं तुम्हीच म्हणता. तेव्हा जरा अदबीनं ऐका. माझ्याखालचं डोकं कसं आहे, ही चौकशी आजवर कोणी केली नाही, तुम्हीही घाई करू नका.

लग्नासाठी मला निलंग्याच्या बाजारातून आणलं. गुलाबी रंग, मऊ सूत. मामांनी मला शेषेरावांच्या डोक्याला बांधलं आणि बजावलं, "ह्यो खाली पडू द्यायचा न्हाई." डोकं फुटू द्यायचं नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. विसरले असतील बिचारे, लग्नाची गडबड होती.

घरात केवळाबाई आल्या आणि चूल फुंकायची लोखंडी फुंकणी त्यांच्या हाती आली. शेतातून यायला उशीर झाला, बैलांना आधी पाणी पाजलं, शेजारणीशी दोन शब्द बोलले, कोणतंही कारण पुरायचं. शेषेराव दणकट गडी, पण बाईवर हात टाकायचा नाही हे आईनं शिकवलेलं. बाईचा हात आपल्यावर पडला तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं.

मग माझी बढती झाली. कपाळाला टेंगूळ आलं की मी भुवईपर्यंत खाली यायचो, कान सुजला की कानावरून एक वेढा जायचा. गावाला वाटलं, नवी ऐट आहे. "शेषेराव, लई झोकात पटका बांधून राहिलात!" बघता बघता गावातली तरणी पोरं भुवईवर पटके ओढून मिरवायला लागली. फुंकणीची ही कला कोणाच्या लक्षातच आली नाही.

पारावर रोज कोणी ना कोणी आपल्या बायकोला कसं बडवलं ते मिटक्या मारत सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. तिथे मार खाणाऱ्या बाईचं ऐकणारं कोणी नव्हतं, तर ह्यांचं कोण ऐकणार? शेषेराव सुपारी कातरत बसायचे.

एकदा फुंकणी डोळ्याच्या वर बसली. त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. निदान दुसरा तरी वाचावा म्हणून शेषेराव तालुक्याच्या ठाण्यात गेले. जखम दाखवायची म्हणून मला आधीच उतरवून काखेत धरलेलं. दारात जमादार धोंडप्पा आडवा आला.

"उघड्या डोक्यानं सायबासमोर? बेअदबी हाय ती! पटका बांधा आधी."

बांधला. जखम झाकली गेली आणि सरकारचा मान राहिला.

ठाण्याचे फौजदार अमीनसाहेब उर्दू बोलणारे. त्यांनी विचारलं, "किसने मारा?"

आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेतो कुठे? शेषेराव खाली बघत म्हणाले, "आमच्या मंडळींनी."

साहेब ताठ झाले. निजामाच्या राज्याचे दिवस भरत आलेले. चार माणसं जमली तरी सरकारला घाम फुटायचा. "मंडली? कितने आदमी थे? लीडर कौन है?"

"एकच हाय, सायब."

"एक आदमी की मंडली?"

"आदमी न्हाई जी. मंडळी. घरातली."

धोंडप्पाच्या डोक्यात उजेड पडला. "साब, इसकी औरत!"

सगळं ठाणं हसलं. कोठडीतला चोरही हसला, ह्याच्यापेक्षा आपण बरे, असं त्याला वाटलं असेल. अमीनसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मर्द है ना तू? घर जा." धोंडप्पा म्हणाला, "पटक्याची तरी लाज धरा." मी तिथेच होतो. मला कोणी जरा वर सरकवून बघितलं नाही.

वर उपकार म्हणून धोंडप्पा घरापर्यंत सोडायला आला. ओसरीवर ताक पीत त्यानं सगळी गंमत केवळाबाईंना सांगितली. त्याही हसल्या. तो गेला आणि त्यांनी दार लावलं.

सकाळी शेषेराव पारावर आले ते मला हातात घेऊन. मी गुलाबी राहिलो नव्हतो. त्यांचं डोकं कपाळापासून कानापर्यंत फुटलेलं. लोकांना दिसलं ते उघडं डोकं, आणि उघडं डोकं म्हणजे घरात मयत. म्हातारे उद्धवतात्या लगबगीनं पुढे आले, आवाज खाली आणून म्हणाले, "कोण गेलं हो?"

"अजून कोणी न्हाई, तात्या. केवळा मारती मला." त्यांनी नाव घेतलं, पहिल्यांदाच.

पारावर कोणी हसलं नाही. तात्या जखमेकडे बघत राहिले. मग त्यांनी मला शेषेरावांच्या हातातून घेतलं, झटकलं आणि म्हणाले, "आधी पटका बांधा. लोक बघून राहिले."

शेषेराव मला बगलेत मारून तसेच बोडक्यानं मुखेडला बहिणीकडे, सिंधूकडे गेले. तिनं दारातच विचारलं, "दादा, लई दुखतंय का?" एवढा मोठा माणूस तिथेच बसून रडला. मग तिनं मला उकळत्या पाण्यात घातलं, वाळवलं, टराटरा फाडलं आणि त्याच डोक्याला पट्टी म्हणून बांधलं.

एक डोळा गेला, एक वाचला. माझ्या चिंध्या झाल्या, पण आता मी झाकत नाही, रोज मला सोडून खालची जखम बघतात. तुमच्या दारात उद्या कोणी असा उघड्या डोक्यानं उभा राहिला, तर एवढंच करा: त्याला पटका बांधायला सांगू नका.