अठ्ठावीस घरांचे बुटके जिने

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे हं! वाळू, खडी आणि सिमेंट पोटात घेऊन गरागरा फिरणारा. आज माझं पोट दगड झालंय, पण ते रडगाणं शेवटी गाईन. आधी मी जे पाहिलं ते ऐका. ते आठवलं की या गंजक्या पत्र्यावरही काटा उभा राहतो.

तरुणपणी मी एका ठेकेदाराकडे होतो. समुद्रकाठी आम्ही टोलेजंग इमारती उभ्या केल्या. ज्यांनी त्या बांधल्या, त्यांनाच नंतर दारावरचा रखवालदार आत सोडत नसे. मला वाटायचं, बांधणारा वेगळा आणि राहणारा वेगळा, हीच जगाची रीत. पुढे ठेकेदाराचं दिवाळं निघालं आणि उरुग्वेतल्या एका नदीकाठच्या शहराच्या महापालिकेने मला लिलावात उचललं.

तिथली तऱ्हा काही औरच! भाडं भरून पिचलेली अठ्ठावीस कुटुंबं एकत्र आली होती. महापालिकेने त्यांना जमीन दिली, घरांसाठी पैसाही दिला, पण टप्प्याटप्प्याने. जिने तपासून झाले की छपराचा शेवटचा हप्ता मिळायचा. मजुरी मात्र त्यांची त्यांनीच करायची, दर कुटुंबाने आठवड्याला एकवीस तास. आणि गंमत म्हणजे, कुठलं घर कोणाचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळं बांधून झाल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या! त्यामुळे जो तो प्रत्येक वीट आपल्याच घरची समजून लावी. मी इतकी वर्षं फिरतोय, पण असं बांधकाम पाहिलं नव्हतं.

त्यांच्यात दोन्या एर्मिंदा होती; वडीलधाऱ्या बाईला तिकडे मानाने दोन्या म्हणतात. एकाहत्तर वर्षांची इस्त्रीवाली, उंचीने माझ्या चाकापेक्षा थोडीशीच जास्त. संध्याकाळी माझं पोट धुवायचं काम तिचं. "चल रे ढेरपोट्या, आंघोळ करून घे," म्हणायची. तिचे गुडघे पार गेले होते. घरं सगळी दुमजली, झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. पहिला जिना तयार झाला त्या दिवशी ती चढायला गेली आणि पाचव्या पायरीवरच बसली.

"काय म्हातारे, माते तिथेच आणून देऊ का?" विल्मार खाटकाने खालून विचारलं. माते म्हणजे तिकडचा कडू चहा.

"आण की. साखर घातलीस तर तुझ्याच टकलावर ओतीन!"

पण तिचे पाय लटलट कापत होते.

रविवारी माझ्या शेजारच्या पत्र्याखाली सभा भरली. अध्यक्षीण नीबिया, इस्पितळातली स्वयंपाकीण, म्हणाली, "दोन्यांना चिठ्ठीतून वगळू या. टोकाचं घर त्यांना देऊ, तिथे खाली खोली काढता येईल."

एर्मिंदा ताडकन उठली. "मला वगळलंत तर मी आजच निघते! माझं घर मला कळलं, तर बाकीच्या सत्तावीस घरांत माझा जीव रमेल? उद्या प्रत्येकाचंच काहीतरी दुखेल."

"अहो, पण चढणार कशा?"

"बसत बसत!" आणि ती रागारागाने निघून गेली. घर मिळूनही तिला राहता आलं नसतं. परत त्याच ओल आलेल्या भाड्याच्या खोलीत जायची पाळी आली असती.

मातेचा पेला हातोहात फिरला. मग विल्मार म्हणाला, "चिठ्ठी तर चिठ्ठी. सगळेच जिने बुटके करू. सतराच्या वीस पायऱ्या, म्हणजे एकेक पायरी बुटकी. म्हातारीला कुठलंही घर निघू दे!"

"जिना लांबेल आणि प्रत्येकाची बसायची खोली हातभर आखडेल," नीबिया म्हणाली.

"आखडू दे. माझी सासू तरी कमी दिवस राहील."

सगळे हात वर गेले. खरं सांगतो मित्रांनो, मी अवाक झालो. पहिला जिना फोडला. पुढे अठ्ठावीस जिन्यांचा माल मी कालवला आणि एकदाही कुरकुरलो नाही. एर्मिंदा मला धुवायला रोज यायची, पण रागाने जिन्यांकडे ढुंकूनही बघत नसे, आणि तिला कोणी काही सांगितलं नाही.

पण एक घोडचूक झाली. सभेत हात वर झाले की झालं, असं या लोकांना वाटायचं. महापालिकेला कळवायचं कोणाला सुचलंच नाही! तपासनीस बेरूती टेप घेऊन आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"सतरा हव्यात, वीस आहेत. अठ्ठावीस ठिकाणी चूक?"

"चूक नाही, आमचं मतदान झालंय," नीबिया म्हणाली.

"नकाशा मतदानाने बदलत नाही, बाई. छपराचा हप्ता थांबवावा लागेल."

थंडी तोंडावर आली होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं.

"कोणाच्या डोक्यातून निघाला हा उद्योग?" एर्मिंदा कडाडली. मग तिचं लक्ष जिन्याकडे गेलं. तिने एक पाय टाकला. दुसरा. बेरूती नकळत मोजू लागले. विसावी पायरी आली आणि ती वर उभी होती, भिंतीला हात न लावता. पदर नव्हता बिचारीला, बाहीनेच डोळे पुसले.

"हे घर यांचं का?" बेरूतींनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. चिठ्ठ्या अजून टाकायच्यात."

बेरूती पहिल्या पायरीवर मटकन बसले. "एकीसाठी अठ्ठावीस?" मग टेप गुंडाळत उठले आणि म्हणाले, "नवा नकाशा काढा. सह्यांसाठी मी स्वतः फिरतो."

सहा आठवड्यांनी हप्ता आला आणि छपरं चढली. शेवटच्या अंगणाचा माल मी ओतला, त्याच दुपारी चिठ्ठ्या निघाल्या. एर्मिंदाने आपली न वाचताच खिशात घातली. "आता काय बघायचंय त्यात?" म्हणाली. सगळे रडले, नाचले, आणि मला धुवायचं राहूनच गेलं. उरलेला माल पोटात तसाच घट्ट झाला. तीन वर्षं मी कुंपणाशी पडून आहे. मित्रांनो, आनंदाच्या भरातसुद्धा, ज्याने तुमच्यासाठी कष्ट उपसले त्याच्यावर बादलीभर पाणी ओतायला विसरू नका.

गेल्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या माळावर महापालिकेने नव्या लोकांना जमीन दिली. आज सकाळी एकोणीस नंबरच्या घरात पावलं वाजली. मी मोजली. वीस. एर्मिंदा छिन्नी-हातोडा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"चुकलं रे माझं, ढेरपोट्या," ती म्हणाली.

ठोक, बाई, ठोक. दुखलं तर दुखू दे. पलीकडे जिने बांधायचेत.