भाजणीचा डबा

"माझा भाजणीचा डबा उघडू नकोस हं," असं सलोनी मला सांगून हात धुवायला वर गेली. मी "बरं" म्हटलं आणि तो उघडला.

माझा हेतू वाईट नव्हता. आमची कॅम्पर, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, हिवाळाभर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये उभी होती आणि एप्रिलमधली ही पहिली सहल होती. गेल्या वर्षीच्या पहिल्या सहलीत वळणावर फडताळाचं दार उघडलं आणि हळदीची बरणी माझ्या मुलाच्या, ईशानच्या डोक्यावर पडली. बरणी प्लॅस्टिकची होती. ईशानला लागलं नाही, तो फक्त पिवळा झाला. पण तेव्हापासून मी झोपेतसुद्धा फडताळांच्या कड्या तपासते. म्हणून या वर्षी मी एकाच मापाच्या चौकोनी बरण्या मागवल्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवल्या आणि सगळ्यांना कळवलं की खाण्याचं जे काही असेल ते या बरण्यांमध्येच जाईल. माझा नवरा गंधार तेव्हापासून मला 'स्टोअर कीपर' म्हणतो. म्हणू दे.

सलोनी आणि तिचा नवरा शिरीष आमच्याबरोबर येणार होते. शिरीष गंधारच्याच कंपनीत आहे. ते दोघं युट्रेख्टला राहतात, आम्ही आर्नहेमला. सकाळी त्यांनी आमच्या दारात गाडी लावली आणि सामान कॅम्परपाशी आणून ठेवलं. त्यात तो डबा होता, स्टीलचा आणि गोल. गोल डबा ठेवला की चारही कोपरे फुकट जातात.

भाजणी बरणीत ओतताना आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट निघाला. सलोनीचा.

माझी मावशी गावाला जाताना बांगड्या तांदळात पुरून ठेवायची. मला वाटलं, सलोनीलाही चोरांची भीती वाटते. चोर पासपोर्ट नेतील पण भाजणी नेणार नाहीत, असा तिचा अंदाज असेल. तसा तो चूकही नव्हता. मी पासपोर्ट पुसून सगळ्यांच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला, कारण कागदपत्रांची जागा पाकिटात असते. खाली आल्यावर तिला सांगायचं माझ्या मनात होतं, पण तोवर ईशानचा एक बूट सापडेनासा झाला.

कॅम्पिंगच्या मैदानावर पोचलो तेव्हा रिसेप्शनवर सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. शिरीष पुढे उभा होता, म्हणून पाकीट मी त्याच्या हातात दिलं. त्याने कार्डं काढली, मग पासपोर्ट काढला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला.

"हा इथे आहे होय," तो म्हणाला. "बरं झालं, वैदेही. हरवला असता."

बाकी सगळं त्याने मला परत दिलं. पासपोर्ट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशाची चेन लावली. शिरीष कधी आवाज चढवत नाही. वेळेवर येतो, वस्तू जागच्या जागी ठेवतो. अशा माणसांबद्दल माझं मत आधीच चांगलं होऊन बसलेलं असतं.

सलोनी माहितीपत्रकांच्या स्टँडपाशी उभी राहून मधमाश्यांवरचं एक पत्रक वाचत होती. ते डचमध्ये होतं. तिला डच येत नाही.

दुपारी आम्ही दोघी सामाईक भांडीघरात भांडी घासायला गेलो.

"तू डबा उघडलास," ती म्हणाली.

"मला वाटलं, किडे झाले असतील म्हणून नको म्हणतेयस."

"किडे कुठले? ताजी होती भाजणी. मी स्वतः भाजलेली." आधी तिला त्याचाच राग आला. मग तिने नळ मोठा सोडला आणि एखादी पाककृती सांगावी तशा आवाजात बाकीचं सांगितलं.

ती इथे आली त्या आठवड्यापासून तिचा पासपोर्ट शिरीषच्या कुलपात होता. बँकेचं कार्डही. रोज संध्याकाळी तो तिचा फोन बघायचा. गेल्या वर्षी तिची आई आजारी पडली, तेव्हा तो म्हणाला, प्रोजेक्टचं रिलीज होऊ दे, मग जा. रिलीज पुढे ढकललं गेलं. आई त्याआधी गेली.

"मारतो का?" मी विचारलं.

"नाही गं. मारलं असतं तर कुणाला सांगता तरी आलं असतं."

भावाने उद्याचं, रविवार दुपारचं विमानाचं तिकीट काढलं होतं. सहलीसाठी विम्याचे कागद काढायला शिरीषने कपाट उघडलं आणि किल्ली तशीच ठेवून आंघोळीला गेला, तेवढ्यात तिने पासपोर्ट काढून घेतला होता. "सोमवार सोडला तर तो कामही घरूनच करतो. घरातून मला निघता येत नाही. इथून आलं असतं."

मी तीच कढई पुन्हा घासली.

"बॅग?" मी विचारलं.

"तूच मागच्या डिकीत रचलीयस. सगळ्यात खाली."

"काढून देते."

"नको. बॅग हलली की त्याला कळेल. मला फक्त पासपोर्ट हवाय."

संध्याकाळी मी गंधारला हे सगळं सांगितलं. तो पाण्याची टाकी भरत होता. "नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं?" तो म्हणाला. "सोमवारी मला त्याच्या शेजारी बसायचंय." मग टाकी भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

शिरीषने जॅकेट काढलंच नाही. थंडी होती, त्यामुळे ते विचित्रही दिसलं नाही. झोपताना त्याने ते घडी करून उशीखाली घेतलं.

माणसाच्या अंगावरचं जॅकेट कसं उतरवायचं ते मला माहीत नाही. मला कामं वाटून द्यायला येतात. सकाळी मी दारावरच्या कामाच्या यादीत एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

"शिरीष, टॉयलेटची टाकी ओतून यायचं काम आज तुझ्याकडे."

"काल गंधारचं नाव होतं."

"त्याची कंबर धरलीय."

गंधारने ईशानच्या बुटाची नाडी बांधता बांधता मान वर केली. "माझी?"

"हो," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच कंबरेवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून मी त्याला इतक्या लवकर कधी समजले नव्हते.

"जॅकेट काढून जा," मी शिरीषला म्हणाले. "टाकीतलं ते निळं औषध उडतं. डाग निघतो, वास निघत नाही."

तो जॅकेटकडे बघत राहिला. नीटनेटक्या माणसाला वास सहन होत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. त्याने जॅकेट काढून खुंटीला अडकवलं आणि चाकांवरची टाकी ओढत निघाला. खडीवर चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत मी थांबले. मग चेन उघडली, पासपोर्ट काढला, चेन पुन्हा लावली. पासपोर्टला अजून धण्याचा वास होता.

सलोनीने फोन टेबलावरच ठेवला. तो नेला असता तर ती कुठे आहे हे शिरीषला दिसलं असतं. मी तिला माझं प्रवासाचं कार्ड आणि रेनकोट दिला. बस कॅम्पिंगच्या फाटकापाशीच थांबते.

"फाटकापर्यंत येऊ?"

"नको. तुला काही तरी आवरायचं असेलच," ती म्हणाली आणि गेली.

शिरीष परत आला. "सलोनी?"

"भांडी घासायला गेलीय."

खरकट्या भांड्यांचा टब आमच्या दोघांच्या मध्ये होता. त्याने टबाकडे पाहिलं, टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग जाऊन जॅकेटचा खिसा चाचपला.

"तू फार व्यवस्थित आहेस, वैदेही," तो म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. "गंधार, कॅम्परची किल्ली दे."

"किल्ली?" गंधार म्हणाला. त्याचा हात अजून कंबरेवरच होता. "हिला विचार. कुठली वस्तू कुठे आहे, ते हिलाच माहीत असतं."

किल्ली माझ्या खिशात होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

रविवारी बस तासाला एकच येते. तो पुढच्या बसने गेला. जाताना ईशानला टाटाही केला.

सलोनी भावाकडे पोचली. भावाच्या फोनवरून तिचा तेवढाच निरोप आला. मग काही दिवसांनी दुसरा आला: "सगळे विचारतात, परत कधी जाणार." त्यानंतर काही नाही. भावाचा फोन बंद लागतो. मे महिन्यात शिरीष मोठी रजा टाकून भारतात गेला आहे. ऑफिसात त्याने घरगुती कारण सांगितलं आहे, आणि ते ऐकून सगळ्यांना त्याचं वाईट वाटलं.

मी इथून कुणाच्या दाराची बेल वाजवू शकत नाही. या लेखात नावं बदलली आहेत आणि तिचं गाव मी सांगणार नाही, कारण हे शिरीषही वाचू शकतो आणि मी कुणाला विचारतेय ते त्याला कळायला नको. पण तुमच्या इमारतीत किंवा तुमच्या आळीत या उन्हाळ्यात एखादी मुलगी परदेशातून एकटी, बॅगेशिवाय भावाकडे आली असेल आणि हल्ली गॅलरीत दिसत नसेल, तर आजच त्यांच्याकडे जा. विरजण मागायला जा. ती परत कधी जाणार ते विचारू नका. तिला बाहेर बोलवा, तुमच्या डोळ्यांनी बघा. ती झोपली आहे असं कुणी सांगितलं, तर उठेपर्यंत बसा.