शेवटच्या ओळीतलं नाव

मी एक जुना संगणक आहे. मेहकर गावात अमृतप्पांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, बीदरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. माझा पडदा आता पिवळा पडलाय, पण दिलेलं काम मी अजून इमानानं करतो.

त्यातलं मोठं काम शेताला मिळणाऱ्या पाण्याच्या पाळीचं. अमृतप्पा शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर एकाखाली एक लिहितात आणि ती फाइल ईमेलला जोडून पाणी वाटणाऱ्या पाणी संघाला पाठवतात. तिथला प्रोग्राम ती वाचून प्रत्येकाला पाळीचा निरोप धाडतो. दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, पंगतीत वाढणारा सगळ्यांच्या मागून जेवतो, तसे अमृतप्पा स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी लिहितात. त्यापुढे ते एन्टरसुद्धा दाबत नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

यंदा संघानं नवा प्रोग्राम आणला आणि अघटित घडलं. निरोप फक्त अमृतप्पांना आला. त्यांनी भाबडेपणानं आपला हरभरा भिजवला. निरोपच न मिळाल्यानं बाकीच्यांची पाळी हुकून पुढच्या गावाला गेली.

यादीतल्याच एक शेतकरी, पार्वतम्मा, दुकानात आल्या. त्यांचा हरभरा ऐन फुलात सुकत होता.

"अण्णा, निरोप तुमालाच कामून आला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अमृतप्पा पाठवलेली यादी पुन्हा पुन्हा तपासत राहिले. लोक दुकानासमोरून मान फिरवून जाऊ लागले. कुणी म्हणालं, हा जुना डबा भंगारात घाला. मला माझं काही वाटलं नाही, पण त्या भल्या माणसाची खाली गेलेली मान बघवत नव्हती.

संघाचा प्रोग्राम सांभाळणारी शैलश्री बीदरजवळच्या नौबादहून आली. काय हुशार पोरगी! तिनं माझी फाइल उघडून न दिसणाऱ्या खुणासुद्धा पडद्यावर आणल्या. एन्टर दाबला, की मी ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतो. नव्या प्रोग्रामला एकच ठाऊक. उरलेली खूण धोतराला कुसळ चिकटावं तशी नंबरला चिकटायची आणि नंबर चुकीचा ठरायचा. शेवटच्या ओळीपुढे एन्टर नव्हता, म्हणून तेवढाच नंबर बरोबर राहिला.

तिनं पार्वतम्मांना बोलावून सगळं दाखवलं. "अक्का, अण्णांनी काही केलं न्हाई. ह्या यंत्राचीबी चूक न्हाई. आमच्या प्रोग्रामलाच ओळ कुठं संपली ते कळंना गेलतं."

मग तिनं प्रोग्रामला शिकवलं, की फाइल कुठूनही येवो, आधी सगळ्या ओळींचे शेवट एकसारखे करायचे, मगच नावं वाचायची. संघानं मेहकरची राहिलेली पाळीही परत दिली.

मित्रांनो, जुनं यंत्र असो की जुना माणूस, दोष देण्याआधी त्याचं म्हणणं नीट वाचा, एवढीच माझी विनवणी.

परत मिळालेल्या पाळीचे निरोप यायचे होते, त्या दिवशी दुकानात गर्दी होती. आधी पार्वतम्मांचा मोबाइल वाजला, मग एकेक करत सगळ्यांचे. अमृतप्पांचा शेवटी वाजला. मी पुढची फाइल उघडून बसलोच होतो. पुन्हा कुणाला संशय नको म्हणून अमृतप्पा यादी करायला दुसऱ्या कुणाला तरी सांगू लागले.

पार्वतम्मांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "तुमीच लिवा अण्णा," त्या म्हणाल्या, "पण ह्या खेपेला तुमचं नाव पहिलं घाला."