मोपाहून दाबोळीला

मी टॅक्सीच्या डिकीतला पाना बोलतोय. चाकाचे नट सोडवणारा, हातभर लांब, टोकाशी वाकलेला. लोखंडाने बोलावे का, याची मला खात्री नाही. पण त्या दिवशी दोन भावांच्या मध्ये मीच होतो, म्हणून सांगतो.

भट्टीत तापून, घणाखाली मार खाऊन मी घडलो. म्हापशाच्या दुकानातून हरमलच्या गौरेशने मला आणले. तो पर्यटकांना मोपाच्या विमानतळावर सोडत असे. चाक बदलून झाले की मला फडक्याने पुसून ठेवी. मला तो भला माणूस वाटे. अजून वाटतो, कदाचित माझेच चुकत असेल.

त्याचा थोरला भाऊ रुद्रेश मुरगाव बंदरात कामाला. तो सुट्टीला गावी आला असतानाच मुंबईहून बहिणीचा, सिद्धीचा, फोन आला. तिच्याकडे गेलेली आई शेवटच्या घटका मोजत होती. रुद्रेशने मोबाइलवर दोघांची तिकिटे काढली. गौरेशने टॅक्सी काढली. कुठला विमानतळ, हे कोणी कोणाला विचारले नाही. वाटभर रुद्रेश गुडघ्यांत डोके घालून बसला होता. रस्ता त्याने पाहिलाच नाही.

मोपाच्या दारात शिपायाने तिकीट पाहून परत दिले. विमान गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावरून, मुरगावजवळच्या दाबोळीहून होते. मोपाहून संध्याकाळपर्यंत एकही जागा नव्हती.

दोन्हींकडून मुंबई सव्वा तासावर. पण या विमानतळावरून त्या विमानतळावर जायला विमान नाही. रस्त्याने दीड-दोन तास. आकाशातले सव्वाचारशे किलोमीटर जवळ आणि जमिनीवरचे साठ लांब, हे गणित मला अजून पचलेले नाही.

गौरेशने गाडी वेड्यासारखी पिटाळली. कोलवाळचा पूल ओलांडला आणि टायर फुटला. गाडी कठड्यावर घासत थांबली. त्याने मला बाहेर काढले. नट हलेना.

"इमानतळ म्हटल्यार मोपाच! शेंबडा पोर पण सांगात!" तो ओरडला.

"माझो जल्म मुरगावात गेलो. माका दाबोळीच सुचता. तू डायवर न्हय रे? तिकीट बघूक काय झाला तुका?"

"तूच काडलंस, दादा. शिकलेलो तू!"

"आवशीक तू मारलंस," रुद्रेश म्हणाला आणि त्याने धाकट्याच्या कानशिलात भडकावली.

मग मी हवेत होतो. पहिल्याच घावाला रुद्रेशचे उजवे मनगट मोडले. तो कडाका माझ्या अंगातून गेला. दुसरा घाव खांद्यावर बसला. रुद्रेशने डाव्या हाताने दगड उचलून गौरेशचे कपाळ फोडले. ट्रकवाल्यांनी दोघांना ओढून वेगळे केले, तेव्हा मी रक्ताने निसरडा झालो होतो.

सीटवरचा फोन वाजला. गौरेशने तो उचलला.

"बसलात न्हय रे इमानात? आवय इचारता," सिद्धी म्हणाली.

त्याने तोंडातले रक्त गिळले. "बसलो गो. सव्वा तासान येतंव, सांग तिका."

"हसली रे," ती म्हणाली.

आई संध्याकाळी गेली. थोरल्याचा हात प्लास्टरमध्ये, धाकटा पोलीस कोठडीत. अग्नी सिद्धीने दिला.

आज मी पोलीस ठाण्याच्या खोलीत, गळ्यात चिठ्ठी बांधून पडलो आहे. अंगावर गंज कुठला आणि रक्त कुठले, मलाच ओळखता येत नाही. एकच विनवणी आहे. खटला संपला की मला गौरेशकडे परत देऊ नका. वितळवा. खिळा करा, दाराची कडी करा. फक्त माणसाच्या मुठीत बसेल असे काही करू नका.