शिलाईसाठी सोडलेली जागा

गळ्याशपथ, देवाशपथ, आणि हवी तर माझ्या या कवळीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

एक होते शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची कात्री अशी चालायची की आपले दोन तुकडे झालेत हे कापडालाही उशिरा कळायचं. तर या मास्तरांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्री घासून घासून फोड आला. तो त्यांनी हातातल्याच सुईने फोडला आणि वर चिंधी गुंडाळली. साबणाने धुवा तरी, असं बायको म्हणाली. पण दारात गिऱ्हाईक उभं होतं. बायको काय, घरचीच.

बघता बघता हात लाल झाला, टरारून सुजला, ठणकायला लागला. तापला तर इतका, की मास्तरांनी त्यावर एक कॉलर इस्त्री केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोडातून जंतू कातडीखाली शिरलेत. त्यांनी गोळ्या दिल्या, हात उशीवर उंच ठेवायला सांगितलं आणि लालीच्या अगदी कडेने पेनाची रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली किंवा थंडी वाजून ताप आला तर तडक यायचं, नाहीतर हाताचं काही खरं नाही. मास्तरांचं तोंड उतरलं. कात्री धरायचा हात तो. तोच गेला तर मास्तर कसले?

आंघोळीत रेघ पुसली गेली. मास्तरांनी डाव्या हाताने नवी काढली. पण जन्माची सवय! माप घ्यायचं आणि शिलाईला बोटभर जागा सोडून खूण करायची. इथेही तशीच सोडली. लाली पसरत होती, पण रेघेच्या आत. बायकोने विचारलं की मास्तर ऐटीत रेघ दाखवायचे.

एका दुपारी त्यांच्या हातातली कपबशी खडखड वाजायला लागली. अंगात हुडहुडी भरली होती. बायकोने त्यांचा हात खिडकीशी नेऊन नीट पाहिला.

"ही रेघ कुठे काढलीत?"

"थोडी जागा सोडून. लागते ना गं."

"अहो, हात आहे तो, बाही नव्हे. उसवून सैल करणार आहात का?"

तशीच चपला अडकवून ती त्यांना घेऊन निघाली. दवाखान्यात ठेवून घेतलं, शिरेतून औषध दिलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या. नवी रेघ नर्सने काढली, पेन स्वतःच्याच खिशात ठेवलं. हळूहळू लाली रेघेपासून आत आत सरकली.

घरी आल्यावर सूज गेलेली बघून मास्तर म्हणाले, आता कशाला त्या गोळ्या?

"एक बाही लावून सदरा देता का गिऱ्हाईकाला?" बायको म्हणाली.

मास्तरांनी मुकाट्याने शेवटच्या गोळीपर्यंत सगळ्या गिळल्या. मग कात्री हातात घेतली, मूठ उघडून मिटून बघितली, आणि कापड सरळ रेषेत कापलं गेलं.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगते, कॉलरचं तेवढं माझ्या पदरचं. रुमाल होता तो.