घरच्या कीबोर्डवरून

संगणकाला काम लावून आपण उठून गेलो तरी ते बंद पडू नये, यासाठी आमच्या धंद्यात एक सोय असते. तिला आम्ही सेशन म्हणतो. काळ्या पडद्यावर हुकूम द्यायचा आणि खुशाल घरी जाऊन झोपायचं. दूरच्या मोठ्या मशीनवर ते बिचारं राबत राहतं. नंतर कुठूनही त्याला जोडून घ्या, जिथं सोडलं तिथून पुढं. फक्त उठताना सेशन रीतसर सोडायचं असतं. मी सोडत नाही. घरचा लॅपटॉप तसाच उघडा टाकून ऑफिसला पळते आणि इथून त्याच सेशनला पुन्हा जोडून घेते. मग दोन्हीकडचे कीबोर्ड एकाच पडद्यावर लिहू शकतात. यावरून आमचा फौजदार माझं डोकं खातो. फौजदार म्हणजे संगणकांच्या सुरक्षेचं काम बघणारा सहकारी. हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही.

त्या दुपारी मी सेशन जोडलं. एका रुग्णालयाचे जुने रिपोर्ट नव्या मशीनवर हलवायचे होते. कॉपी संपली होती, कर्सर पुढच्या हुकुमाची वाट बघत होता. मी चहाचा कप उचलला आणि पडद्यावर एच उमटला. मग आणखी एक. मग ओळच्या ओळ. माझे दोन्ही हात कपाला होते.

कुणीतरी आत घुसलंय, हेच आधी मनात आलं. फौजदाराला हाक मारली. त्यानं या सेशनला कोण कोण जोडलंय ते बघायला लावलं. दोघं होते. एक माझं ऑफिसातलं टेबल, दुसरं माझं घर.

चोर घरातलाच निघाला, मांजर पाळलंस की काय, असं म्हणत तो हसला. मला हसू आलं नाही. आमच्याकडे मांजर नाही. आमच्याकडे बाबा आहेत, मी निघाले की दिवसभर एकटेच असतात, आणि त्यांची साखर कधी एकदम खाली जाईल याचा भरवसा नाही. सोबतीला बाई ठेवू म्हटलं तर, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून दोन दिवस फुगून बसले होते. लॅपटॉप असतो त्या माझ्या घरच्या टेबलापाशी उजेड चांगला येतो, म्हणून पेपर घेऊन तिथंच बसतात.

मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

पडद्यावर एच धावतच होते. टाइप करणारा माणूस मधे थांबतो, चुकतो. हे थांबत नव्हतं. त्या बटणावर काहीतरी टेकलं होतं, आणि ते उचलणारं घरात कुणी नव्हतं. हात असेल, नाहीतर डोकं.

फौजदार गंभीर झाला, पण त्याला मशीनची काळजी. चुकून एखादा हुकूम गेला तर रिपोर्ट जातील, आधी तिकडची जोडणी तोडू, म्हणत त्यानं हात पुढं केला. मी त्याचं मनगट धरलं.

"तोडू नकोस. मला घरातलं एवढंच दिसतंय."

त्यानं हात मागं घेतला.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे आमची किल्ली असते. त्यांना फोन केला. काय बोलले ते आठवत नाही, पण त्या मशीन तसंच टाकून धावल्या. मी पडद्याकडे बघत बसले. ओळी वाढत होत्या आणि मनात एकच चाललं होतं, थांब, आता थांब.

आणि ते थांबलं. तेव्हा मी जास्त घाबरले. काकूंनी त्यांना उचललं, की ते स्वतःच खाली घसरले? पडदा गप्प होता. फोनही गप्प होता. फौजदार शेजारी उभा होता.

बऱ्याच वेळानं शेवटचा एच नाहीसा झाला. मग त्याच्या आधीचा. कुणीतरी हळूहळू, एकेक अक्षर पुसत होतं. काकूंना कीबोर्डातलं काही कळत नाही. बाबाच होते. ते होते. मला तिथंच रडू फुटलं.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. पेपरासकट लॅपटॉपवरच कोसळले होते, म्हणाल्या. साखरेचं पाणी पाजलंय, आता बसलेत, पण हात अजून थरथरतोय.

"आणि तुला सांगू नका म्हणतायत," काकू हळूच म्हणाल्या. "नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं म्हणजे?" मी विचारलं. "काकू, हे याआधी कितीदा झालंय?"

पडद्यावर बाबा अजून पुसत होते.